पेशीपटलातील लिपिडे आणि प्रतिकारयंत्रणा : ‘कुंपण’ या प्रतिमेची चिकित्सा (विशेष संदर्भ : खानदेशातील सिकलसेल आजार)

गोषवारा :
पदवी स्तरावरील जीवविज्ञानाच्या अध्यापनात पेशीपटलाची ओळख प्रामुख्याने ‘पेशीचे संरक्षक आवरण’ अशी करून दिली जाते. या मांडणीत प्रथिनांना कार्य मिळते, तर लिपिडांच्या वाट्याला केवळ बांधकामाच्या साहित्याची भूमिका येते. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे. पटलातील लिपिडे कोणत्या थरात व कोणाच्या सान्निध्यात आहेत यावर प्रतिकारयंत्रणेचे अनेक निर्णय अवलंबून असतात. सातपुड्याच्या पायथ्याशी आढळणारा सिकलसेल आजार हे त्याचे आपल्या परिसरातील ठळक उदाहरण होय. या उदाहरणाच्या आधारे अध्यापनातील प्रतिमा तपासून घेणे हा लेखाचा हेतू आहे.

बीजशब्द : पेशीपटल, लिपिड, फॉस्फॅटिडिलसेरीन, प्रतिकारयंत्रणा, सिकलसेल, खानदेश.

प्रस्तावना :
जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांमध्ये पेशीपटल हा घटक प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि रसायनशास्त्र अशा अनेक विभागांत शिकवला जातो. एकच घटक इतक्या वर्गांत शिकवला जात असताना त्याची समज सखोल होईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या वहीत प्रत्येक विषयाच्या निमित्ताने तीच आकृती पुन्हा येते : गोल डोके, दोन शेपट्या, अशा रेणूंच्या समोरासमोर दोन रांगा आणि मधूनमधून प्रथिनांचे मोठे गोळे. प्रथिनांना नावे असतात. रांगांतील लिपिडे मात्र एकसारखी व निनावी असतात. लिपिडांचे कार्य काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘आवरण तयार करणे’ या दोन-तीन शब्दांत संपते.

हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. या अपुरेपणाची किंमत प्रतिकारशास्त्राच्या वर्गात मोजावी लागते. महाभक्षी पेशी एखाद्या पेशीला गिळते आणि शेजारच्या पेशीला सोडून देते, असे का, याचे उत्तर आवरणाच्या कल्पनेतून मिळत नाही. आपल्याच परिसरातील एका आनुवंशिक आजाराचे स्वरूपही या कल्पनेमुळे अर्धेच कळते.

१. शब्द आणि त्यामागील प्रतिमा :
मराठीतून विज्ञान शिकवताना आपण वापरतो ते शब्द स्वतःबरोबर काही अर्थ घेऊन येतात. लिपिडांसाठी ‘मेद’ किंवा ‘स्निग्ध पदार्थ’ हे शब्द रूढ आहेत. बोलीत मेद म्हणजे अंगावर साठलेली चरबी आणि स्निग्ध पदार्थ म्हणजे तेल-तूप. दोन्ही शब्दांतून साठवण आणि ऊर्जा यांचा बोध होतो, क्रियेचा होत नाही. दुसरीकडे ‘लिपिड’ हा शब्द रक्ततपासणीच्या अहवालामुळे घरोघरी पोहोचला आहे; परंतु तेथे तो हृदयविकाराची धास्ती घेऊन येतो. कोलेस्टेरॉल हा शत्रू अशी समजूत घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला, त्याच कोलेस्टेरॉलवाचून त्याची एकही पेशी नीट कार्य करू शकणार नाही, हे पटवून देणे सोपे नसते. प्रस्तुत लेखात म्हणूनच ‘लिपिड’ हीच संज्ञा वापरली आहे.

दुसरी प्रतिमा कुंपणाची. शेताला बांध व कुंपण, गावाला वेस, तसे पेशीला पटल, ही उपमा वर्गात सर्रास दिली जाते. ती ग्रामीण विद्यार्थ्याला लगेच समजते हा तिचा गुण होय. परंतु कुंपण आतून आणि बाहेरून सारखेच असते आणि ते काही सांगत नाही, फक्त अडवते. पेशीपटलाबाबत नेमक्या याच दोन गोष्टी खऱ्या नाहीत.

तिसरा शब्द ‘प्रतिकारशक्ती’. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असते, आणि ती वाढवणे नेहमी हिताचे असते, असे गृहीत धरले जाते. ‘प्रतिकारयंत्रणा’ हा शब्द अधिक नेमका आहे. यंत्रणा ओळखते, निर्णय घेते आणि कधी कधी गप्प राहण्याचाही निर्णय घेते. पेशीपटलातील लिपिडांचा संबंध येतो तो या ओळखण्याशी आणि निर्णयाशी.

२. प्रारूपाचा इतिहास आणि त्यातील निसटलेला दुवा :
पटलाचा द्विस्तर प्रथम सुचवला गेला तो तांबड्या रक्तपेशींच्या अभ्यासातून. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी रक्तपेशींतील लिपिडे वेगळी करून पाण्याच्या पृष्ठभागावर पसरवली. त्यांचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. त्यावरून पटलात लिपिडांचे दोन थर असावेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या प्रयोगात लिपिडे पूर्णपणे निघाली नव्हती आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी मोजले गेले होते. या दोन चुका परस्परांना छेद देऊन गेल्या आणि निष्कर्ष बरोबर ठरला, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक लक्षणीय योगायोग होय. १९३५ मध्ये डॅनिएली व डेव्हसन यांनी या थरांच्या दोन्ही बाजूंस प्रथिनांचा लेप कल्पिला आणि १९७२ मध्ये सिंगर व निकोलसन यांचे तरल-मोझेक प्रारूप पुढे आले. आजही आपल्या वर्गांतील आकृती तीच आहे.

या प्रारूपाचे महत्त्व नाकारता येणार नाही. पटल हे स्थिर भिंतीसारखे नसून प्रवाही आहे, हे त्याने प्रस्थापित केले. परंतु त्याच १९७२ या वर्षी ब्रेचर यांनी मांडलेला दुसरा विचार आपल्या अध्यापनात मागे पडला. रक्तपेशीच्या पटलाचे दोन थर रासायनिकदृष्ट्या एकसारखे नाहीत, असे त्यांनी दाखवले. पुढील कामातून हे चित्र अधिक स्पष्ट झाले. फॉस्फॅटिडिलकोलीन व स्फिंगोमायलिन ही लिपिडे प्रामुख्याने बाहेरच्या थरात, फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन बहुतांशी आतल्या थरात आणि ऋण प्रभार असलेले फॉस्फॅटिडिलसेरीन जवळजवळ संपूर्णपणे आतल्या थरात असते. ही विषम मांडणी आपोआप टिकत नाही. फ्लिपेज ही प्रथिने एटीपी खर्च करून फॉस्फॅटिडिलसेरीनला पुन्हा पुन्हा आत खेचतात. जिवंत पेशी हा खर्च सतत करत राहते, यावरूनच ही मांडणी तिच्या दृष्टीने किती मोलाची आहे हे लक्षात यावे.

१९९७ मध्ये सायमन्स व इकोनेन यांनी ‘लिपिड राफ्ट’ ही संकल्पना मांडली. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडे यांचे तराफ्यांसारखे समूह पटलात तरंगतात आणि संदेशवहनातील प्रथिने त्यांवर एकत्र येतात, असा तिचा आशय होता. तिच्यावर बरीच टीका झाली, कारण हे समूह सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष दिसत नव्हते. या वादात बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सत्यजित मेयर यांच्या गटाचे कार्य महत्त्वाचे ठरले. १९९८ पासूनच्या त्यांच्या कामातून असे दिसले की हे समूह अतिशय लहान असतात आणि त्यांच्या रचनेत पेशीच्या आतील ॲक्टिन तंतूंचाही हात असतो. २०१५ मध्ये याच गटाने असेही दाखवले की बाहेरच्या थरातील समूह बांधले जाण्यासाठी आतल्या थरातील फॉस्फॅटिडिलसेरीनची आवश्यकता असते. म्हणजे दोन्ही थर एकमेकांशी बोलतात. स्वतः निकोलसन यांनी २०१४ मध्ये आपल्या मूळ प्रारूपाचा नव्या ज्ञानाच्या प्रकाशात फेरविचार केला आहे. प्रारूपकर्ता पुढे गेला, आपली आकृती मात्र जेथल्या तेथे राहिली, असे म्हणणे भाग आहे.

३. सातपुड्यातील सिकलसेल : रोग हिमोग्लोबिनचा, निर्णय पटलाचा :
सिकलसेल आजाराची नोंद १९१० मध्ये हेरिक यांनी शिकागो येथे प्रथम केली. १९४९ मध्ये पॉलिंग व सहकाऱ्यांनी त्याला ‘रेणवीय आजार’ म्हटले. पुढे इनग्रॅम यांनी बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याचे दाखवून दिले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष प्रथम आढळला आणि त्यानंतर मध्य व पश्चिम भारतातील अनेक जमातींत त्याचे अस्तित्व दिसून आले. महाराष्ट्रात विदर्भाबरोबरच सातपुड्याचा पट्टा हे त्याचे प्रमुख क्षेत्र आहे. १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग असलेले नंदुरबार, तसेच शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा आदी समाजांच्या संदर्भात हा आजार आपल्या प्रदेशाचा प्रश्न ठरतो. महाराष्ट्रातील आदिवासींमधील या आजाराच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे.

आपल्या वर्गांत हा आजार आनुवंशिकीच्या तासाला शिकवला जातो. एक जनुक, एक अमिनो आम्ल, विळ्याच्या आकाराची पेशी आणि अडलेली केशवाहिनी अशी ही कथा आहे. कथा खरी आहे, परंतु तिच्यात एक टप्पा गळलेला आहे. निरोगी तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते; सिकलसेल रुग्णाची पेशी साधारणपणे १० ते २० दिवसच टिकते. ती इतक्या लवकर का नाहीशी होते? केवळ विळ्याचा आकार हे त्याचे पूर्ण उत्तर नाही.

प्राणवायू कमी झाल्यावर सदोष हिमोग्लोबिनचे तंतू तयार होतात व पटलाला आतून ताण देतात. प्राणवायू मिळाल्यावर तंतू विरघळतात. हे चक्र वारंवार घडल्याने पटल जखमी होते, कॅल्शियम आत शिरते, फ्लिपेजचे कार्य मंदावते आणि दोन्ही थरांतील लिपिडांची सरमिसळ करणारी स्क्रॅम्बलेज यंत्रणा जागी होते. परिणामी आत राहावयाचे फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते. सिकल पेशींच्या पटलातील ही उलथापालथ १९८१ पासून प्रयोगांनी नोंदवलेली आहे. माजघरातली वस्तू अंगणात दिसू लागली की घरात काही बिनसले आहे हे शेजाऱ्याला न सांगता कळते, तसे येथे घडते.

बाहेर आलेल्या या एका लिपिडाचे तीन परिणाम संभवतात. पहिला, महाभक्षी पेशी त्याला ओळखतात व त्या रक्तपेशीला गिळतात. मरणाऱ्या लिम्फोसाइट पेशींबाबत ही ओळख १९९२ मध्ये फॅडॉक व सहकाऱ्यांनी दाखवली होती. पुढे टिम-४ यांसारखे ग्राही सापडले. दुसरा, ऋण प्रभाराच्या या पृष्ठभागावर रक्त गोठवणारे घटक एकत्र येतात आणि रक्त गोठण्याकडे कल वाढतो. तिसरा, अशा पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात. म्हणजे रक्तक्षय, गुठळ्या आणि वेदनेचा झटका या तिन्ही लक्षणांच्या मागे पटलाच्या दोन थरांमधील बिघडलेली मांडणी काही अंशी उभी आहे.

येथे प्रतिकारयंत्रणेचे आणखी एक वैशिष्ट्य पाहण्यासारखे आहे. फॉस्फॅटिडिलसेरीन पाहून महाभक्षी पेशी जेव्हा मृत पेशी गिळते, तेव्हा ती सहसा दाहाचा गाजावाजा करत नाही. उलट दाह शमवणारी द्रव्ये सोडते. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि तरीही आपण आजारी पडत नाही, याचे हे एक कारण होय. ‘गिळ, पण शांतपणे’ असा दुहेरी संदेश देणारा हा रेणू आहे, आणि कुंपणाच्या उपमेत अशा संदेशाला जागाच नाही.

या विवेचनाचा व्यवहाराशी संबंध प्लीहेच्या ठिकाणी येतो. प्लीहा हे रक्तातील जुन्या व सदोष पेशी गाळणारे आणि त्याच वेळी न्यूमोकोकससारख्या आवरणयुक्त जिवाणूंना अडवणारे इंद्रिय आहे. सिकलसेल रुग्णात सदोष पेशींचा भार व अडलेला रक्तप्रवाह यांमुळे ती हळूहळू निकामी होते. भारतीय रुग्णांत ती बराच काळ वाढलेली आढळते, म्हणून ती कार्यक्षम असेलच असे नाही. यामुळेच सिकलसेल असलेल्या बालकाचा ताप साधा समजता येत नाही. अशा बालकांना पेनिसिलीन नियमित दिल्यास गंभीर संसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९८६ मध्ये अमेरिकेतील चाचणीने सिद्ध केले. लसीकरणाचा आग्रहही त्यासाठीच धरला जातो. आपल्या वर्गातील काही विद्यार्थी पुढे शिक्षक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा आरोग्यसेवक म्हणून याच तालुक्यांत काम करणार आहेत. ‘रक्त कमी असणे’ आणि ‘ताप येणे’ या दोन गोष्टी एकाच आजारात का येतात, हे त्यांना सांगता आले पाहिजे.

वाहकांच्या संदर्भातही हे ज्ञान उपयोगी पडते. वाहक सामान्यतः निरोगी असतो आणि मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्याला काही संरक्षण मिळते. मलेरियाचा परजीवी शिरलेली वाहकाची रक्तपेशी लवकर बदलते आणि महाभक्षी पेशी तिला लवकर टिपतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. म्हणजे रुग्णाला अपाय करणारीच ओळख येथे वाहकाला उपकारक ठरते. हा मुद्दा नीट समजावला तर वाहक असणे हा कलंक आहे ही समजूत ढिली होण्यास मदत होईल.

४. कोलेस्टेरॉल : एकच रेणू, दोन पक्ष :
लिपिडे ओळख पटवतात, तशीच ती ग्राहींच्या कार्याचीही दिशा ठरवतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील भास्कर साहा व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लिशमानिया या परजीवीबाबत केलेले काम येथे विचारात घ्यावे लागेल. महाभक्षी पेशीवरील सीडी-४० हा ग्राही कोलेस्टेरॉलसमृद्ध भागात असताना परजीवीविरोधी प्रतिसाद घडवतो; कोलेस्टेरॉल घटल्यास त्याच ग्राहीचा संदेश परजीवीला अनुकूल दिशेने वळतो, असे त्यांनी दाखवले. परजीवी यजमान पेशीच्या पटलातील कोलेस्टेरॉल कमी करून आपला बचाव साधतो. ग्राही तोच, परंतु भोवतालच्या लिपिडांनुसार त्याचा अर्थ बदलतो.

याउलट हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने २००४ मध्ये असे दाखवले होते की लिशमानियाला महाभक्षी पेशीत शिरण्यासाठीही पटलातील कोलेस्टेरॉल लागते. वरवर पाहता ही दोन निरीक्षणे परस्परविरोधी वाटतात. परंतु प्रवेशाचा टप्पा आणि प्रवेशानंतरचा टप्पा वेगळे धरले तर विरोध मावळतो. प्रवेश करताना कोलेस्टेरॉल परजीवीच्या कामी येते, तर प्रवेश झाल्यावर यजमानाच्या. ‘कोलेस्टेरॉल चांगले की वाईट’ हा लोकप्रिय प्रश्न पेशीच्या पातळीवर निरर्थक ठरतो, तो यामुळे.

५. लिपिड हेच लक्ष्य :
काही प्रसंगी लिपिड स्वतःच प्रतिजनाची भूमिका घेते. ए-बी-ओ रक्तगटांच्या शर्करा रक्तपेशीवरील प्रथिनांप्रमाणेच ग्लायकोलिपिडांवरही असतात. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात या शर्करांचा पाया असलेला एच प्रतिजनच नसतो. त्यामुळे ओ गटाचे रक्तही अशा व्यक्तीला चालत नाही. रुग्णालयांत होणारी व्हीडीआरएल चाचणीही कार्डिओलिपिन या लिपिडाविरुद्धच्या प्रतिपिंडांवर आधारलेली आहे. क्षयाच्या जिवाणूतील मायकोलिक आम्ल हे लिपिड सीडी-१ रेणूमार्फत टी-पेशींना दाखवले जाते, हे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. प्रतिजन म्हणजे प्रथिन, ही आपल्या टिपणांतील व्याख्या त्याच वेळी दुरुस्त व्हावयास हवी होती.

६. काही सावधगिरीच्या सूचना :
एका एकांगी मांडणीच्या जागी दुसरी एकांगी मांडणी आणणे हा या लेखाचा हेतू नाही. सिकलसेलचे मूळ कारण हिमोग्लोबिनमधील बदल हेच आहे. कोणत्याही क्षणी फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर आलेल्या पेशी या एकूण पेशींचा एक लहान हिस्साच असतात, आणि पेशी नाहीशा होण्याचे इतरही मार्ग आहेत. राफ्टच्या संकल्पनेबाबतही आजचे मत मूळ मांडणीपेक्षा बरेच संयत आहे. तसेच ‘पटल मजबूत करणारे’ किंवा ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेला-गोळ्यांना या संशोधनाचा आधार आहे असे कोणी सुचवल्यास ते मान्य करता येणार नाही. पेशीच्या पातळीवरील यंत्रणा कळणे आणि उपचार सिद्ध होणे यांत मोठे अंतर असते.

७. अध्यापनाच्या दृष्टीने :
या चिकित्सेतून काही साधे बदल सुचतात. पटलाची आकृती काढताना दोन्ही थरांतील लिपिडे वेगळ्या रंगांत दाखवावीत आणि फॉस्फॅटिडिलसेरीन आतल्या बाजूस नावासह लिहावे. यास खडूच्या दोन रंगांखेरीज काही लागत नाही. सिकलसेलचा पाठ आनुवंशिकीत सुरू झाला तरी तो पेशीपटल आणि प्रतिकारशास्त्र या घटकांतही पुन्हा यावा. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी मिळून या एका आजारावर संयुक्त चर्चासत्र घेतल्यास आंतरविद्याशाखीय अध्यापन प्रत्यक्षात येईल. विद्राव्यता चाचणी दाखवताना ती वाहक व रुग्ण यांत भेद करू शकत नाही, त्यासाठी विद्युत्‌संचारण किंवा तत्सम चाचणी लागते, हेही सांगितले जावे. विद्यार्थ्यांच्या तपासणीचे निकाल मात्र वर्गात चर्चेचा विषय होऊ नयेत, याची काळजी घेतलीच पाहिजे.

समारोप :
पेशीपटल हे कुंपण आहे, ही प्रतिमा पहिल्या पायरीवर उपयुक्त असली तरी तिच्यावरच थांबल्यास लिपिडांचे कार्य आणि प्रतिकारयंत्रणेची निवड या दोन्ही गोष्टी दृष्टीआड होतात. लिपिडांची विषम मांडणी, तिच्यासाठी पेशीने सतत केलेला खर्च आणि ती मोडल्यावर मिळणारा प्रतिसाद या तीन मुद्द्यांभोवती हा घटक नव्याने मांडता येईल. त्यासाठी परदेशातील उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून शिकण्यासाठी आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलामुलींच्या कुटुंबांत हे उदाहरण पिढ्यानपिढ्या आहे. त्यांना स्वतःच्या रक्ताविषयीची अर्धी कथा सांगून परत पाठवणे योग्य ठरणार नाही. उरलेली अर्धी कथा पेशीपटलात आहे आणि ती शिकवण्याची जबाबदारी आपली, म्हणजे अध्यापकांची आहे.